बाळापूरचा मुलूख कोसाकोसाने

अकोल्याहून खामगावकडे निघालेली गाडी व्याळा मागे टाकते आणि 'बाळापूर आलं' म्हणेपर्यंत पुढेही निघून जाते. खिडकीतून दिसतात त्या टपऱ्या, टायरची दुकानं, रसवंतीचे फलक. अशा भागात पायी किंवा सायकलने फिरा असं सुचवलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला : आता रस्ते झाले, गाड्या झाल्या, मग घाम गाळायचा कशासाठी? दुसरा त्याहून खोचक : आणि तोही वऱ्हाडात? ना समुद्र, ना धबधबे, तिथं बघायचं काय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या उत्तरात दडलेलं असल्यामुळे सुरुवात पहिल्यापासून करू.

१. वेग बदलला की काय बदलतं?

थोडं गणित करू. समजा, नदीवर शंभर मीटर लांबीचा पूल आहे. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, म्हणजे पूल साडेचार सेकंदांत संपतो. ताशी १४ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराला त्याच पुलावर २५-२६ सेकंद मिळतात. ताशी साडेचार किलोमीटरने चालणाऱ्याला मिळतात ८०.

साडेचार सेकंदांत नदीला पाणी आहे की नाही एवढंच कळतं. पंचवीस सेकंदांत कळतं की पाणी एका काठाला आहे, दुसऱ्या काठाला गाळ साठलाय आणि त्या गाळावर कुणी भाजीपाला लावलाय. ऐंशी सेकंदांत पात्रातले दगड वेगवेगळ्या रंगांचे आहेत हेही ध्यानात येतं. आणि चालणारा थांबला, तर त्याला कुणी मागून हॉर्न मारत नाही.

यातून या प्रकरणाचा मुख्य नियम मिळतो : पायी चाललं की एका जागेचा तपशील कळतो, सायकलने गेलं की दोन जागांमधला फरक कळतो. काळी जमीन संपून मुरमाड कुठे सुरू झाली, कपाशी जाऊन लिंबाच्या बागा कुठून लागल्या, हे चालणाऱ्याला समजायला दोन दिवस जातात आणि तोवर पहिल्या दिवशीचं निम्मं विसरायला होतं. मोटारीतल्याला ते समजतच नाही. सायकलस्वाराला तो बदल एका सकाळीत दिसतो. म्हणून एखादा मुलूख समजून घ्यायचा तर दोन्ही लागतात. आधी एक गाव पायी, मग त्याच्या चारी दिशा सायकलने.

२. हा मुलूख मोजलाच पायांनी

आता थोडं मागे जाऊ. बाळापूर आज तालुक्याचं ठिकाण आहे. अकबराच्या काळात ते वऱ्हाड सुभ्यातल्या संपन्न परगण्यांपैकी एक होतं. 'ऐन-ए-अकबरी'त त्याची नोंद आहे. त्याच नोंदीत असंही येतं की बाळापूरपासून सहा कोसांवर शहजादा मुराद याचा तळ होता आणि त्या तळाचं पुढे शाहपूर नावाचं शहर झालं. मुराद १५९९मध्ये वारला.

हे 'सहा कोस' बारकाईने पाहण्यासारखे आहेत. कोसाचं माप मुलखागणिक बदलत असे. दोन मैलांचा कोस धरला, तर सहा कोस म्हणजे १९ किलोमीटर. सामानाचे बैल, तोफा आणि बाजारबुणगे घेऊन चालणारी फौज दिवसाला साधारण एवढीच मजल मारू शकते. म्हणजे तळ बाळापूरपासून सुमारे एका मजलेवर होता. जुनी शहरं, तळ आणि बाजारगावं यांच्यातली अंतरं अशी पावलांनी ठरली आहेत. आठवडी बाजारही त्याच हिशेबाने बसले : बंडी जुंपून सकाळी निघावं, माल विकावा आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतावं. मोटारीच्या वेगाने पाहिलं तर ही गावं उगाच इथं-तिथं विखुरलेली वाटतात. पायी निघालं की त्यांच्यातला हिशेब लागतो.

चालण्याची परंपरा फौजांपुरती नव्हती. दासगणू महाराजांच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथात बाळापूरच्या बाळकृष्णबुवा आणि पुतळाबाई या रामदासी दांपत्याची कथा आहे. ते दोघे दरवर्षी पौषात घरून निघत आणि दासनवमीला, म्हणजे माघ वद्य नवमीला, सज्जनगडावर पोहोचत. सगळा प्रवास पायी. वाटेतली गावं ग्रंथात नोंदवलेली आहेत : शेगाव, खामगाव, मेहकर, देऊळगाव राजा, जालना, समर्थांचं जांब, बीड, अंबाजोगाई, पंढरपूर, शिंगणापूर, वाई, सातारा. नकाशावर या गावांतून रेघ ओढून पाहा. वऱ्हाड, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांना सांधणारा एक आडवा पट्टा उमटतो, आणि तो एका नवरा-बायकोने पायाखाली घातलेला असतो.

ही रीत आजही मोडलेली नाही. आषाढीला शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी नागझरी, पारस, गायगाव करत अकोल्याला जाते आणि तिथून वाडेगाव, पातूरमार्गे घाट चढते. सातशे किलोमीटरच्या घरातलं अंतर वारकरी महिन्याभराहून थोड्या जास्त काळात तोडतात. भागाकार केला तर रोजचे वीस-बावीस किलोमीटर पडतात. मुरादच्या फौजेची मजल आणि आजच्या वारकऱ्याची मजल जवळपास सारखीच, कारण चारशे वर्षांत पाय काही बदललेले नाहीत. तुमचा पहिला बेत आखताना हाच आकडा कमाल समजा. सवय नसेल तर त्याच्या निम्म्यावर या.

३. फ्रान्सने वेगळं काय केलं?

'गावोगाव पायी फिरणं' म्हटलं की प्रवासवेड्यांना फ्रान्स आठवतो. त्याला कारण आहे. इकडे २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात गजानन महाराज प्रथम दिसले. तिकडे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा स्कॉटिश लेखक दक्षिण फ्रान्समधल्या सेवेन या डोंगराळ, गरीब भागात मोदेस्तीन नावाची गाढवीण घेऊन चालायला निघाला. बारा दिवसांत सुमारे दोनशे किलोमीटर चालला आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. त्या भागात 'बघण्यासारखं' काही आहे, असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं.

पुढे फ्रान्सने तीन गोष्टी केल्या. एक, १९४७पासून लांब पल्ल्याच्या पायवाटांवर खुणा करायला सुरुवात झाली. झाडावर, दगडावर, खांबावर पांढरा आणि त्याखाली लाल असे दोन आडवे पट्टे. पट्टे दिसत आहेत तोवर वाट बरोबर. स्टीव्हन्सनच्या वाटेलाही आज असाच क्रमांक आणि अशाच खुणा आहेत. दोन, खेड्यांमधल्या जुन्या गाडवाटा ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांच्या मालकीच्या राहिल्या आणि त्यांवरून चालायला कुणाचीही आडकाठी राहिली नाही. तीन, सायकलींसाठी नद्यांचे काठ निवडले. लोआर नदीकाठचा सायकलमार्ग सुमारे नऊशे किलोमीटरचा आहे. नदीकाठच का? कारण मैदानातली नदी सौम्य उताराने वाहते, म्हणून तिच्या काठाची वाटही सौम्य राहते.

यातलं आपल्याकडे काय आहे? रंगाचे पट्टे नाहीत. नदीकाठ आहेत, गाडवाटा आहेत, आणि खुणांच्या जागी माणसं आहेत. धुऱ्यावरचा शेतकरी आधी तुमची चौकशी करतो : "कुठचे हो तुम्ही? सायकलनं कायले फिरून राह्यले एवढ्या उन्हात?" मग वाट सांगतो : "हे पाहा भाऊ, या पांदणीनं सरके जा. पुढं आंब्याचं झाड लागते, तिथून डाव्या आंगाले." पट्टा वाट दाखवून गप्प बसतो. हा माणूस पांदणीत चिखल आहे की नाही, पुढच्या नाल्याला पाणी आहे की नाही, हेही सांगतो. मात्र त्याच्याशी बोलायला सायकलवरून खाली उतरावं लागतं.

४. वाट कोणाची, आणि ती नकाशात कशी शोधायची?

दोन नकाशे उपयोगी पडतात. पहिला भारतीय सर्वेक्षण खात्याचा, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा. त्याचं प्रमाण १ : ५०,०००. म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो. बाळापूर जुन्या क्रमांकाच्या ५५ डी/१४ या पत्रकात येतं. या नकाशावर तपकिरी वेड्यावाकड्या रेषा असतात. एका रेषेवरच्या सगळ्या जागा सारख्या उंचीवर असतात, आणि लगतच्या दोन रेषांत २० मीटर उंचीचा फरक असतो. रेषा विरळ असतील तर सपाटी, दाट असतील तर चढ. या पत्रकात बाळापूरच्या आसपास रेषा फार विरळ दिसतात आणि दक्षिणेला पातूरच्या दिशेने जावं तशा त्या जवळजवळ येऊ लागतात. घर न सोडता तुम्हाला कळलं की उत्तरेला सायकल आरामात चालेल आणि दक्षिणेला दम लागेल.

एक छोटं उदाहरण. दोन गावांमधलं अंतर नकाशावर १६ सेंटिमीटर भरलं, म्हणजे ८ किलोमीटर. वाटेत आठ रेषा ओलांडून चढायचं आहे, म्हणजे सुमारे १६० मीटर. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये एक सोपा आडाखा सांगितला होता : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आठ किलोमीटरला ९६ मिनिटं, चढाला १६ मिनिटं, एकूण ११२. ऊन, गप्पा आणि चहा धरून अडीच तास म्हणा.

दुसरा नकाशा महसूल खात्याचा गावनकाशा. त्यात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली असते. नकाशात रेषा आहे म्हणून जागेवर वाट असेलच असं नाही. कुणी धुरा सरकवून ती नांगरून टाकलेली असते, कुठे वेड्या बाभळीने गिळलेली असते. बंद केलेली शेतवाट मोकळी करून देण्याचे अधिकार १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदाराला दिले आहेत. २०२१मध्ये राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही सुरू झाली. फिरणाऱ्याने मात्र वाटेच्या भांडणात पडू नये. वाट वावरातून जात असेल तर विचारावं आणि 'नाही' आलं तर वळसा घालावा.

५. पहिला दिवस पायी : दोन नद्यांमधलं गाव

बाळापूर पायी पाहायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे किल्ला. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर तो उभा आहे. म्हैस नदीला बरेच जण महेश म्हणतात. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने किल्ल्याची सुरुवात केली आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७मध्ये तो पुरा केला. दक्षिणेच्या अंगाला, किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचं देऊळ आहे.

आधी किल्ल्याभोवती फिरून या, आत नंतर जा. दोन गोष्टी लक्षात येतील. पहिली, तट आणि बुरूज विटांचे आहेत. महाराष्ट्रात किल्ला म्हटलं की कातळ डोळ्यांपुढे येतो, कारण आपले बहुतेक गाजलेले किल्ले डोंगरावर आहेत. हा मैदानातला. विटेला लागतं माती, पाणी आणि जळण. यातल्या पहिल्या दोन गोष्टी नद्यांनी दारात आणून ठेवल्या होत्या. तटाशी अगदी जवळ उभं राहून विटांचे थर न्याहाळा. वीट घरबांधणीतल्या आजच्या विटेपेक्षा चपटी दिसते का, मधला चुना कुठे उघडा पडलाय, कोणत्या बाजूने तट जास्त झिजलाय, हे पाहा. पावसाचा मारा कोणत्या दिशेने येतो याचं उत्तर भिंतच देते.

दुसरी गोष्ट, खंदक खणायचं मोठं काम इथे निसर्गाने केलंय. जुन्या गॅझेटिअरात नोंद आहे की पावसाळ्यात एक बाजू सोडली तर किल्ला पुराच्या पाण्याने वेढला जाई. किल्ल्याला फेरी मारताना कोणती बाजू ती, हे तुमचं तुम्हीच शोधा. पायांना चढ-उतार बरोबर कळतो.

तिथून मन नदीच्या काठी छत्रीकडे जा. काळ्या दगडाची, घुमटाकार छताची ही छत्री मिर्झाराजे जयसिंगांनी बांधली असं मानतात. १६६५च्या पुरंदरच्या तहामुळे हे नाव मराठी माणसाच्या तोंडी आहे. १६६७मध्ये बऱ्हाणपुरात त्यांचा मृत्यू झाला. बऱ्हाणपूर इथून वायव्येला. उत्तरेकडून दख्खनेत उतरणारा हा पट्टा मोगल सरदारांच्या नेहमीच्या जाण्यायेण्यातला होता. १७२०मध्ये याच बाळापूरजवळ निजाम-उल-मुल्कने सय्यदबंधूंचा पुतण्या आलमअलीखान याचा पराभव केला. आलमअलीखान त्या लढाईत मारला गेला. त्याच्या बाजूने मराठ्यांची फौजही लढली होती. पुढे हैदराबादचं जे राज्य उभं राहिलं, त्याच्या वाटेतली ही एक मोठी लढाई. गावाची वस्ती, मशिदी, खानकाह, वाडे पाहताना ही लष्करी नाक्याची पार्श्वभूमी ध्यानात ठेवली की सगळं जुळत जातं. कागद बनवण्यासाठीही बाळापूर एके काळी ओळखलं जाई, आणि कागदाचा लगदा करायला वाहतं पाणी लागतंच.

आता नदीत उतरा. 'ऐन-ए-अकबरी'त बाळापूरबद्दल एक मजेशीर नोंद आहे : इथल्या दोन ओढ्यांच्या काठी तऱ्हेतऱ्हेचे सुंदर दगड सापडतात आणि लोक ते घासून-कापून हौसेने जपतात. हे दगड आले कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे हजारो-लाखो वर्षं खडकात मुरणाऱ्या पाण्याने वाळूतल्या द्रव्यासारखं सिलिका नावाचं द्रव्य आणून त्या पोकळ्या थराथराने भरल्या. हाच आपला अकीक आणि गारगोटी. भोवतालचा काळा खडक हवा-पाण्याने झिजून त्याची माती झाली. सिलिका कठीण, ती तशीच राहिली आणि नदीने गोल गरगरीत करून पात्रात आणून टाकली. एखादा दुधी किंवा तांबूस खडा उचला आणि पाण्यात बुडवून उन्हाकडे धरा. ओला असताना त्यातले पट्टे उमटतात, वाळला की पुन्हा मिटतात. पाहून झालं की तिथेच ठेवा.

६. पुढचे दिवस सायकलने : एक उत्तर, एक दक्षिण

सायकलचं गणित आधी. समजा पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक ४४ भागिले १८, म्हणजे २.४४ वेळा फिरतं. २८ इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. म्हणजे एका फेऱ्यात साडेपाच मीटरच्या आसपास. मिनिटाला ४५ फेरे मारले तर तासाला १४-१५ किलोमीटर होतात. साध्या, बिनागिअरच्या सायकलवर खेड्यातला माणूस याच वेगाने जातो. सपाटीला महागडी सायकल लागत नाही. दक्षिणेचा चढ करायचा असेल तर मागे मोठं चक्र असलेली गिअरची सायकल बरी. मागचे दाते वाढले की एका फेऱ्यात अंतर कमी कापलं जातं, पण पायाला जोर कमी लागतो.

उत्तरेची फेरी. बाळापूरहून पारस सात-आठ किलोमीटर. औष्णिक वीजकेंद्राची धुराडी आधी दिसतात आणि मग गाव येतं. इथले दोन संच प्रत्येकी २५० मेगावॉटचे. पारसला मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग ओलांडून उरळ-निंब्याच्या बाजूला निघालं की हळूहळू एक फरक जाणवतो : विहिरी कमी होतात, आणि ज्या आहेत त्यांचं पाणी कुणी पीत नाही. हा खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत तो पसरला आहे. क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर, गावं नऊशेच्या आसपास.

खारपाण का? सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचून एक खोलगट दरी झाली. नद्यांनी आणलेल्या गाळाने ती भरली. काही ठिकाणी हा गाळ शेकडो मीटर जाड आहे. चिकण गाळातून पाणी फार सावकाश सरकतं, म्हणजे क्षार वाहून जात नाहीत. वरून ऊन पाणी उडवून नेतं आणि क्षार मागे राहतात. रोज पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो, तसंच हे, फक्त हजारो वर्षं चाललेलं. म्हणून या भागात नदी दिसत असली तरी घागर भरते ती नळयोजनेवर. अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणाच्या पाण्यावरची '८४ खेडी' योजना सगळ्यांना ठाऊक आहे. शेतीही पावसाच्या ओलीवर : कपाशी, तूर, मूग, आणि थंडीत जमिनीतल्या ओलाव्यावरचा हरभरा. सायकलस्वाराने यातून एक धडा घ्यायचा. बाळापूर सोडतानाच बाटल्या भरून घ्यायच्या, 'पुढच्या विहिरीवर पाहू' हा विचार इथे चालत नाही.

दक्षिणेची फेरी. वाडेगाव चौदा-पंधरा किलोमीटर. वाट निर्गुणा नदीच्या खोऱ्यात शिरते आणि विहिरीचं पाणी गोड लागतं. लगेच पीक बदलतं. लिंबाच्या बागा दिसू लागतात. वाडेगावचं लिंबू बाजारात नाव राखून आहे. लिंबाला बारा महिने गोडं पाणी हवं, म्हणून ते इथे आहे आणि उरळकडे नाही. दोन फेऱ्या दोन दिवसांत केल्या, तर मधला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

वाडेगावहून पातूरकडे निघालं की क्षितिजावर अजिंठा रांगेची कड दिसते. बाळापूरहून पातूर तीस किलोमीटरहून थोडं जास्त. शेवटच्या टप्प्यात काळी जमीन पातळ होत जाते आणि मुरूम वर येतो. पातूरला डोंगराच्या पोटात कोरलेली लेणी आहेत, टेकडीवर रेणुकामाता आहे. इथून घाट चढून वाट वाशीमकडे जाते. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. मैदानातून पठारावर चढण्याच्या तोंडाशीच लेणी असावीत, यात नवल नाही. जिथे प्रवासी थांबतो तिथे धर्मस्थान होतं. पालखीचा मुक्कामही आज इथेच पडतो.

७. कधी जावं, काय सांभाळावं?

दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ उत्तम. दिवाळीच्या सुमाराला कपाशीची वेचणी सुरू झालेली असते. पहिल्या वेचणीला काही घरांत अजून सीतादहीची पूजा होते. पौषात हुरडा आणि हरभऱ्याचा टहाळ. मार्चनंतर फक्त सकाळी साडेनऊपर्यंत. मे २०२०मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी फिरण्याची हौस कुणी करू नये.

पावसाळ्यात पायी फिरता येतं, पण पांदणीत सायकल नको. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि मडगार्डमध्ये ठासून बसते. मग चाकं फिरत नाहीत, सायकल खांद्यावर येते. पाऊस थांबल्यावर दोन कडक उन्हं पडू द्या, मग निघा. उन्हाळ्यात हीच जमीन आकसून भेगाळते. भेगेत चाक अडकलं की माणूस थेट वावरात.

काटे दोन प्रकारचे : बाभळीचा लांब आणि सराट्याचा छोटा. सराटा जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. पंक्चरचं सोल्युशन, ठिगळं, कानस आणि पंप जवळ हवाच. पंक्चर काढताना टायरच्या आतून हळूच बोट फिरवून काटा काढायचा राहिला, तर दुसरं पंक्चर शंभर पावलांत.

कपाशीवर फवारणी चालू असेल तर वाऱ्याची दिशा पाहा आणि लांबून जा. धुऱ्यावर बारीक तार दिसली तर हात लावू नका. रोही आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून शेतकरी झटका मशीन लावतात. बागेतलं लिंबू विचारल्याशिवाय तोडू नका. विचारलंत तर दोन जास्तच मिळतील. मुक्कामाला शेगावचं भक्तनिवास सोयीचं, बाळापूरहून वीसेक किलोमीटर. कचोरी तिथे पोहोचल्यावर खा, निघताना नको, चढावर ती आठवण करून देते. लांबून येणाऱ्यांनी सायकल रेल्वेत लगेज म्हणून बुक करून अकोला किंवा शेगावला उतरावी.

८. हेच तुमच्या तालुक्यात

बाळापूर इथे नमुन्यादाखल घेतलं. कोणत्याही तालुक्याला तीन प्रश्न विचारून पाहा. इथलं जुनं गाव नेमकं इथेच का वसलं? उत्तर बहुधा नदी, उंचवटा आणि एका मजलेचं अंतर यांत मिळतं, आणि ते पायी शोधायचं असतं. विहिरीचं पाणी कुठे गोड आणि कुठे मचूळ? ते सायकलने. आणि तिसरा : या गावाहून त्या गावाला आजोबा कोणत्या वाटेने जात? त्याचं उत्तर गावनकाशातल्या तुटक रेषेत असतं, नाहीतर पारावर बसलेल्या एखाद्या काकाजींकडे. नकाशा तलाठ्याकडे पाहायला मिळेल. काकाजींना मात्र आधी रामराम घाला आणि चहाला वेळ ठेवा, कारण वाट सांगायला ते कुठून सुरुवात करतील याचा नेम नसतो.